नरक्याची गाडी पकडली ती रात्र

वनरक्षक म्हणून आठ वर्षं झाली, बीट म्हणजे माझ्याकडचा जंगलाचा पट्टा सह्याद्रीतला, पण ती श्रावणातली रात्र काही डोक्यातून जात नाही. दोनच्या सुमारास नाक्यावर पिकअप अडवला, वर शेणखताची पोती आणि खाली हातभर लांबीचे ओंडके. ड्रायव्हर म्हणाला जळण आहे मॅडम, मालकीतलं, आणि लगेच सातबारा पुढे केला. जळण नेणारा माणूस रात्री दोनला खिशात सातबारा घेऊन फिरत नाही, तिथंच शंका आली.

आमच्या वनमजूर मामांनी बॅटरी मारली, ओंडक्यांत अडकलेली डहाळी ओढून काढली. पिवळट बारीक फुलं, आणि वास असा घाण की मी तोंड फिरवलं. "नरक्या हाय," मामा एवढंच बोलले.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, नरक्यात कॅम्प्टोथेसिन असतं, त्यापासून कॅन्सरची औषधं बनतात, म्हणून पश्चिम घाटात हे झाड चोरून तोडतात, मुळं पण खणून नेतात. औषध व्हायलाच पाहिजे हो, पण असं जंगल ओरबाडून?

खरी अडचण पुढंच. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत परवानगीशिवाय तोडता न येणारी १६ झाडं, हिरडा आहे, ऐन आहे, किंजळ आहे, नरक्या नाही. वन्यजीव कायद्यात १९९१ ला वनस्पती घेतल्या तेव्हा अख्ख्या देशातून ६ नावं, त्यातही नाही. म्हणजे माल खरंच मालकीतला निघाला असता तर विनापास (वन खात्याच्या परवान्याशिवाय) वाहतूक सोडून फार काही हातात नव्हतं. राखीव जंगलातला आहे हे दाखवलं तरच १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम २६ लागणार.

मग उजाडल्या उजाडल्या चार ओंडके पोत्यात घालून राखीव जंगलात बुंधे शोधायला निघालो, वरून पाऊस, पायाला जळवा, दुपारपर्यंत काहीच नाही, आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला एकदम ताजे बुंधे, मोजले तर अकरा. मामांनी एकेक ओंडका बुंध्यावर टेकवून बघितला. तिसरा बसला. कोयत्याचा तिरका घाव, सालीची फाटलेली कड, सांध्याला सांधा जुळला. मला तिथंच भरून आलं, खरं सांगते.

पंचनामा झाला, पीओआर म्हणजे वनगुन्ह्याचा पहिला अहवाल फाडला, गाडी जप्त, केस चालू आहे. नरक्याचं नाव यादीत घ्या असं मी वर लेखी दिलंय, दोनदा. आणि दर पावसाळ्यात नवीन पोरांना फुलोऱ्यातल्या नरक्याखाली नेऊन उभं करते, वास घ्या म्हणते, नाक्यावर अंधारात पहिल्यांदा तोच कामाला येतो.