पांढरी बाटली

मे महिना. पवई तलावाचा जलपर्णीने गच्च झालेला एक कोपरा, वेळ पावणेसहा. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायला नमुना उजाडायच्या आत घ्यायचा, कारण रात्रभर पाण्यातले सगळे तो नुसता खर्च करतात, कमाई शून्य. मगरींच्या भीतीने आम्ही पाण्यात उतरत नाही, लांब दांड्याची जाळी वापरतो.

तीनशे मिलीलिटरच्या बाटलीत मँगेनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड सोडलं. ऑक्सिजन असेल तर चहाच्या रंगाचा साका धरतो. हा ताकासारखा पांढरा. रसायन खराब झालं असणार, म्हणून दुसरी बाटली भरली. तीही पांढरी. शेवटी घरून आणलेल्या प्यायच्या पाण्यावर करून पाहिलं, तर लगेच तपकिरी! म्हणजे रसायन ठणठणीत होतं.

तेवढ्यात सहकारी ताईंनी जाळी ट्रेमध्ये उलटी केली. ट्रे नुसता वळवळत होता. शेजारी गळ टाकून बसलेले काका वाकून म्हणाले, "एवढे किडे जिवंत, म्हणजे पाणी चांगलंच की!"

पहिल्या वर्षी मीही तेच म्हणालो असतो. तेव्हा मी फक्त डोकी मोजायचो. आता आधी बघतो, कोण श्वास कसा घेतो.

पाणविंचवाच्या शेपटीकडे नळी असते, ती पृष्ठभागाबाहेर काढून तो हवा घेतो. पाणभुंगा पंखांखाली हवेची शिदोरी बांधून बुडी मारतो. लाल अळ्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन, त्या नावापुरत्या ऑक्सिजनवर तग धरतात. एका पाणढेकणाच्या पाठीवर अंड्यांचा थर होता. तो नर बरं का. मादी अंडी त्याच्या पाठीवर चिकटवून मोकळी होते आणि हा बिचारा त्यांना हवा लागावी म्हणून वरखाली करत राहतो. ताईंनी त्याला सगळ्यात आधी पाण्यात सोडलं.

पोटाच्या कडेच्या नाजूक कल्ल्यांनी पाण्यातूनच श्वास घेणारी मेफ्लाय या कीटकाची पिल्लं मात्र एकही नव्हती. सप्टेंबरात, तलाव भरून वाहू लागल्यावर, याच कोपऱ्यात ती जाळीला चिकटून यायची. म्हणजे ट्रे भरलेला, पण जवळपास सगळे वरच्या हवेवर जगणारे.

काकांनी विचारलं, "मग मासे?"

मी समोर बोट दाखवलं. जलपर्णीच्या कडेला चिलापी तोंडं वर काढून पाण्याचा वरचा पापुद्रा ओढत होते.

काका थोडा वेळ बघत राहिले. "मला वाटत होतं, गळाला येतायत."