विजेच्या गाडीची मुख्य बॅटरी उतरवताना

विजेवर चालणाऱ्या गाडीची मुख्य बॅटरी बदलताना पाने हाती घेण्याआधीचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अनेक गाड्यांत या बॅटरीचा दाब ४०० व्होल्टच्या आसपास, तर काहींत ८०० व्होल्टच्या घरात असतो. गाडी बंद करून १२ व्होल्टच्या बॅटरीची ऋण तार सोडवायची, सर्व्हिस प्लग (मुख्य बॅटरीचे सर्किट तोडणारा, काढता येणारा जोड) असल्यास तो काढून स्वतःजवळ ठेवायचा आणि उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबायचे, कारण इन्व्हर्टरच्या (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलणाऱ्या उपकरणाच्या) कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, त्यानंतरही काही काळ विद्युतभार शिल्लक असतो. मग १००० व्होल्टपर्यंत चालणारे रबरी हातमोजे घालून मीटर लावावा आणि दाब शून्य झाल्याची खात्री करावी. तोच मीटर आधी आणि नंतर चालू विद्युतस्रोतावर तपासणे मी अनिवार्य मानतो. बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो.

त्यानंतर शीतक द्रव काढून उच्च दाबाच्या नारिंगी केबल सोडवायच्या. बॅटरी बहुधा ३०० ते ५०० किलो वजनाची असते; तिच्याखाली टेबल-लिफ्ट नीट टेकल्याशिवाय शेवटचे बोल्ट सैल करू नयेत. ती उतरताच गाडीचा तोल बदलतो, म्हणून गाडी लिफ्टला आधीच पक्की बांधलेली हवी.

नवी बॅटरी बसवताना बोल्ट ठरलेल्या टॉर्कनेच (पिळण्याच्या जोरानेच) आवळावेत, शीतक नळ्यांतील हवा काढावी आणि इन्सुलेशनची (वीज गाडीच्या सांगाड्यात गळत नाही ना, याची) चाचणी करावी. अनेक गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद संगणकप्रणालीत केल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. उतरवलेली बॅटरी मात्र रिकामी समजू नये. तिच्या आत विजेचा दाब कायम असतो.