शेळीचं अर्धं तिकीट

मंगळवार, संध्याकाळ

पहिलीच्या वर्गात आज उंदराच्या टोपीची गोष्ट घेतली. ऐकून ती सगळ्यांना पाठच आहे, म्हणून सांगितली नाही. फळ्यावर ओळी लिहिल्या आणि एकेकाला वाचायला बोलावलं. उंदराला चिंधी सापडते, ती घेऊन तो धोब्याकडे जातो, मग रंगाऱ्याकडे, शिंप्याकडे, गोंडेवाल्याकडे. सगळी गावातलीच माणसं, रोजचीच कामं. गिऱ्हाईक तेवढं उंदीर!

‘राजा भिकारी, माझी टोपी घेतली’ या ओळीत एकही जोडाक्षर नाही. त्यामुळे अजून अक्षरं जुळवत वाचणारी पोरंही ती पार करतात. एरवी वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी पुढे आली, ‘रा... जा...’ करत ‘भिकारी’पर्यंत पोचली आणि खुदकन हसली. गोष्ट तिनं आजीकडून कितीदा तरी ऐकली असेल, पण आजचं हसू तिचं तिनं वाचून मिळवलेलं होतं. पुढे ‘राजा मला भ्याला’ आलं. ‘भ्या’वर बोट अडलं, क्षणभर थांबून तिनं अंदाजानं ओळ पुरी केली. तो अंदाज मला फार मोलाचा वाटतो. गोष्ट ओळखीची असली की मूल अवघड अक्षराला घाबरत नाही.

चिऊताईचंही तसंच. बाहेर पाऊस, दारात कावळा आणि आत ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते’, मग तीट, मग काजळ. प्रत्येक घरात सकाळी हेच चालतं. ओळ तीच, शब्द एखादाच बदलतो, म्हणून पोरं न थकता वाचत जातात.

नव्या वाचकाच्या हातात उपदेश करणारे प्राणी नकोत, असं माझं ठाम मत आहे. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात ‘समजून वाचणे’ यावर भर आहे. मूल योग्य जागी हसलं, तर समजल्याची याहून मोठी खूण कोणती?

दुपारी मुलांना म्हटलं, आता तुमची गोष्ट लिहा. एकानं लिहिलं: ‘शेळी एसटीत बसली. कंडक्टर आला. शेळीने तिकीट खालं.’ ‘खाल्लं’मधला अर्धा ल त्याला अजून सापडायचाय. मी लाल पेन उचललं नाही. ते उद्या बघू, आज गोष्ट महत्त्वाची.

मोठ्यानं वाचल्यावर वर्गात वाद पेटला. एक म्हणाला, शेळी लहान आहे, अर्धं तिकीट. लगेच मागच्या रांगेतून आवाज आला, “बाई, ती बाई आहे! तिला तसंही अर्धंच!” २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे, हे पहिलीतल्या पोरीला पक्कं ठाऊक.

उद्या ही गोष्ट मोठ्या अक्षरांत तक्त्यावर लिहून भिंतीवर लावणार आहे. शेवट मात्र अजून ठरलेला नाही. निम्मा वर्ग म्हणतो, कंडक्टरनं शेळीला उतरवलं. उरलेले म्हणतात, त्यानं दुसरं तिकीट फाडलं आणि तेही तिनं खाल्लं.