मनोऱ्याच्या कोपऱ्यातला चिरा

नाशिकच्या एका ब्रिटिशकालीन चर्चच्या मनोऱ्याची दुरुस्ती चालू आहे. वरच्या टप्प्याचा एक कोपरा तीन सेंटिमीटर बाहेर सरकला होता. दगड फुगलाय, असं सगळे सांगत होते. काळा बेसाल्ट कसला फुगतोय! परवा तो चिरा, म्हणजे घडीव दगड, उतरवला आणि कारण समोर आलं.

६० × ३० × ३० सेंटिमीटरचा चिरा म्हणजे दीडशे किलोच्या वर वजन. आधी वरचा थर टेकूवर घेतला, दरजा (दगडांमधले सांधे) हातछिन्नीने मोकळ्या केल्या, लाकडी पाचरी मारत चिरा सुटा केला आणि चेनकप्पीने परांचीवर घेतला. मागे दोन चिऱ्यांना जोडणारी लोखंडी पकड होती. जुन्या पाथरवटांनी ती खाचेत बसवून वर शिसं ओतलं होतं. जिथे शिसं भरीव, तिथे लोखंड अजून शाबूत. जिथे फट राहिली, तिथे गंजाचे थरावर थर. गंजाला मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा लागते. त्या रेट्याने चिऱ्याची मागची कड फुटली आणि तो बाहेर ढकलला गेला.

पण एवढी ओल आली कुठून? मागच्या दुरुस्तीत सगळ्या दरजा सिमेंटने भरल्या होत्या. बेसाल्ट पाणी फारसं शोषत नाही. भिंतीत शिरलेलं पाणी चुन्याच्या दरजांतूनच सुकतं. ती वाट बंद झाली. कठड्याच्या माथ्यावरून मुरलेलं पाणी भिंतीच्या पोटातल्या डबरात, म्हणजे ओबडधोबड दगडांच्या भरावात, साचत गेलं. तिथला चुना हाताने उकरला तरी निघत होता. अशा कामांच्या निविदेत दर चौरस मीटरवर असतो, दरजेची खोली किती याचा उल्लेखही नसतो. मग ठेकेदार वरवर सिमेंट फासून मोकळा होतो. याची मला मनस्वी चीड आहे.

आता ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची पकड घालतोय. मसाल्यात एक भाग मुरलेला चुना, एक भाग सुरखी (भाजलेल्या विटांची पूड), दोन भाग धुतलेली रेती. दरज रुंदीच्या दुप्पट, पण किमान २५ मिलिमीटर खोल उकरायची, धुवायची, ओली असतानाच थराथराने दाबून भरायची. नंतर निदान आठवडाभर ओली गोणपाटं लावायची. आपल्याकडच्या कोरड्या वाऱ्यात गोणपाट दुपारपर्यंत वाळतं आणि चुना भुसभुशीत होतो. पाणी मारायला स्वतंत्र माणूस हवाच.

अडलंय ते पश्चिमेच्या अंगाला. तिथल्या दरजा जेमतेम पाच मिलिमीटरच्या. सिमेंट काढायला गेलं की चिऱ्याच्या घडीव कडा उडतात, आणि उडालेली कड परत येत नाही. ठेवलं तर ओल आतच राहते. ग्राइंडर मी चालू देणार नाही. वरून सिलिकॉनचा लेप मारण्याची सूचना आली होती, तीही नाकारली. आतलं पाणी त्याने आणखी कोंडेल. सध्या कठड्याचा माथा पक्का करून पाणी वरच अडवतोय, रुंद दरजा तेवढ्या उघडतोय. बारीक दरजांचं पावसाळ्यानंतर ओल मोजून ठरवायचं.