आल्ब्रेख्तचं कर्ज

मंगळवार, रात्र

परवा आधुनिक युरोपचा पेपर. धर्मसुधारणा चळवळीवर पंधरा मार्कांचा प्रश्न येणारच असं सगळे म्हणतायत, म्हणून नेपोलियन सरळ ऑप्शनला टाकला आणि दिवसभर सोळावं शतक घेऊन बसले.

गाइडमधली कारणं तोंडपाठ आहेत: चर्चमधला भ्रष्टाचार, छपाई, राष्ट्रीय भावना. लिहिली की मार्क मिळतात. पण ‘भ्रष्टाचार’ म्हणजे नेमकं काय, ते आज आल्ब्रेख्तचं प्रकरण वाचल्यावर डोक्यात शिरलं. हा आधीच माग्डेबुर्गचा आर्चबिशप. त्याला माइन्झची गादीही हवी होती, कारण माइन्झचा आर्चबिशप म्हणजे पवित्र रोमन सम्राट निवडणाऱ्या सात जणांपैकी एक. रोमला त्यासाठी द्यायची रक्कम त्याने ऑग्सबुर्गच्या फुगर सावकारांकडून उचलली. फेडायची कशी? पोप दहाव्या लिओने त्याच्या मुलखात पापमुक्तिपत्रं (पैसे द्या, पापाची शिक्षा माफ, असे चर्चचे दाखले) विकायला परवानगी दिली. निम्मा पैसा रोममधल्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला, निम्मा कर्जफेडीला. विकायला योहान टेट्झेल, आणि पेटीवर नजर ठेवायला फुगरची माणसं.

रात्री फोनवर बाबांना हे सांगितलं. आयुष्य पतसंस्थेत गेलेला माणूस. म्हणाले, “वसुलीचा माणूस बरोबरच होता म्हणायचं! तारण काय होतं गं?” मला हसू आवरेना.

३१ ऑक्टोबर १५१७ ला मार्टिन ल्यूथर या विटेनबर्गच्या जर्मन धर्मगुरूने या विक्रीविरुद्धचे ९५ प्रबंध, म्हणजे वादाचे मुद्दे, चर्चच्या दारावर ठोकले की नाही, यावर इतिहासकार अजून भांडतात. त्या दिवशी त्याने पत्र पाठवलं, हे मात्र नक्की. आणि कुणाला? आल्ब्रेख्तलाच! तुमच्या नावावर काय चाललंय ते बघा, अशी तक्रार. कर्जाचा व्यवहार बहुधा त्याला ठाऊकच नव्हता. दुसरीकडे ल्यूथरचा राजा, सॅक्सनीच्या फ्रेडरिकने टेट्झेलला आपल्या हद्दीत येऊ दिलं नाही. त्यात धर्मनिष्ठा किती ते कोण जाणे, कारण त्याच्या स्वतःच्या विटेनबर्गच्या चर्चमध्ये संतांच्या अवशेषांचा मोठा संग्रह होता आणि त्याच्या दर्शनालाही पापमुक्ती मिळायची. पुढे चर्च आणि सम्राट दोघेही मागे लागल्यावर ल्यूथरला वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपवणारा तो हाच.

इथवर ल्यूथर मला आवडतो. १५२५ पाशी अडकते. मेमिंगेनच्या शेतकऱ्यांनी बारा मागण्या लिहिल्या: गावाचा धर्मगुरू गावाने निवडावा, ख्रिस्ताने सगळ्यांनाच सोडवलं असेल तर आम्ही वेठबिगार का? भाषा ल्यूथरचीच. त्याने आधी सरदारांनाही सुनावलं, पण दंगे पसरल्यावर शेतकऱ्यांना कापून काढा असं लिहिलं. हजारो मेले. गाइडमध्ये यावर एकच ओळ: ‘ल्यूथरने राजांची बाजू घेतली.’ त्याला राजांचा आसरा लागत होता हे खरं, पण मला वाटतं तेवढंच नाही. त्याचं स्वातंत्र्य आत्म्यापुरतं होतं, शेतसाऱ्यापर्यंत ते त्याला न्यायचंच नव्हतं. मार्क जातील तर जावोत, शेतकऱ्यांना मी अर्धं पान देणार आहे.

इंग्लंडचा आठवा हेन्री वाचून झाला: १५३४, घटस्फोट, मठांच्या जमिनी. जिनिव्हाचा सुधारक कॅल्विन, त्याची टिपणं मैत्रिणीकडे अडकलीत. उद्या सकाळी ट्रेंटची धर्मसभा, म्हणजे या सगळ्याला कॅथलिक चर्चचं उत्तर, १५४५ ते १५६३. त्यांना अठरा वर्षं लागली, मला जेवणाच्या आत उरकायचीय.