आजचे विंग्ज

आज चिकनवाल्याला मुद्दाम सांगितलं, "दादा, विंग्ज कातडीसकट द्या." आपल्याकडे न सांगता सोलूनच देतात, आणि खरा कुरकुरीतपणा त्या कातडीतच असतो.

धुऊन स्वच्छ फडक्याने अगदी कोरडे पुसले. किलोला एक मोठा चमचा बेकिंग पावडर, मीठ, लाल तिखट, मिरपूड चोळून तासभर फ्रीजमध्ये उघडेच ठेवले. बेकिंग पावडरच हं, खायचा सोडा नाही. त्याने चव बिघडते. पावडरीने कातडी किंचित अल्कधर्मी होते, त्यामुळे छान तांबूस भाजली जाते. आलं-लसणाचं वाटण या वेळी लावलंच नाही. मागच्या वेळी त्या ओलेपणाने सगळे मऊ पडले होते, फार वाईट वाटलं होतं.

एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर १५ मिनिटं, मग उलटून २०० वर अजून १०. दोन घाण्यांत केले, कारण गरम हवा फिरायला जागा लागते. वरून तेल जेमतेम चमचाभर, तरी खाली केवढी चरबी निथळली होती!

पहिला विंग मोडला तेव्हा आवाज आला. इतकी खूश झाले मी!

आईला चिकन तळलेलंच आवडतं. हाड चोखत म्हणाली, "अजून आहेत का गं?"