एवढं झालं, तरी अजून ग्रहण बघतेस?

"एवढं झालं, तरी अजून ग्रहण बघतेस? आणि पोरालाही नेतेस?" लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न येतो, इथे गोव्यात म्हार्दोळच्या देवळात येतो, शाळेच्या फाटकाशी येतो. विचारणारं माणूस वाईट नसतं. बहुतेक वेळा आवाज खाली आणून, माझ्या दंडाला हात लावून विचारतं. मी "बघते ना" म्हणून विषय बदलते. इतकी वर्षं बदलत आले. आता तुम्ही विचारलंतच, तर एकदा नीट सांगते.

माझा मुलगा एप्रिल 2020 मध्ये जन्मला, वरचा ओठ दुभंगलेला. त्याआधी 26 डिसेंबर 2019 ला, सहाव्या महिन्यात, मी सूर्यग्रहण पाहिलं होतं. गावाने दोन्हींची सांगड घातली आणि प्रश्न तयार झाला.

त्या दिवशी कंकण दिसणार होतं ते दक्षिणेला, कासरगोड-कण्णूरकडे. आमच्याकडे खंडग्रासच, पण सूर्य तीन-चतुर्थांशाहून जास्त झाकणारं. माझ्या सासऱ्यांच्या बहिणीने, आत्यांनी, आदल्या रात्रीच बजावलं होतं: विळीला हात लावायचा नाही, सुई धरायची नाही, माजघरातून हलायचं नाही. मी नऊ वाजता ग्रहणाचा चष्मा घेऊन अंगणात गेले.

चष्म्यातून पाहिलं ते सगळ्यांनी पाहिलंय. मला आठवतं ते खालचं. आंब्याखाली उन्हाचे कवडसे पडतात ते एरवी गोल असतात. पानांमधली बारीक फट सुईच्या भोकासारखी वागते आणि जमिनीवर पडते ती सूर्याचीच प्रतिमा, म्हणून गोल. त्या दिवशी सूर्याची कोर झाली तशा कवडशांच्याही कोरी झाल्या. सारवलेल्या अंगणावर, तुळशीच्या कठड्यावर, शेकडो. आणि माझ्या पोटावर. फिकट निळा गाऊन होता, त्यावर पंधरा-वीस कोरी एकमेकींवर चढलेल्या. वारा आला की हलायच्या. मी चष्मा काढून त्यांच्याकडेच बघत राहिले. आतून तोही हलला.

आत्या उंबऱ्यापाशी आल्या आणि त्यांनी माझं पोट पाहिलं. त्यांना बाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. "भितर यो गो! भितर यो!" त्या चौकट धरून ओरडत होत्या. मी गेले नाही. अंगणातूनच त्यांना समजावत राहिले: आत्या, ही नुसती सावली आहे, चंद्र मध्ये आलाय, ढग आल्यावर जेवढं होतं तेवढंच होणार. माझा एकही शब्द चुकीचा नव्हता. आत्या रडत होत्या आणि मी बोलत होते.

फेब्रुवारी 1980 चं खग्रास ग्रहण कारवार-अंकोल्यावरून गेलं, तेव्हा आत्या गरोदर होत्या. त्या दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसल्या, पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. ते मूल जगलं नाही. हे मला खूप नंतर सासूबाईंकडून कळलं. ग्रहण पाळूनही काही वाचत नाही, असा मुद्दा मला यातून काढता आला असता. मी तो कुणासमोर कधीच काढलेला नाही.

माझ्या बाजूने सांगण्यासारखं पुष्कळ आहे. बाळाचा वरचा ओठ गर्भधारणेनंतर सहा-सात आठवड्यांत जुळतो. माझ्या हिशेबाने सप्टेंबर 2019 लागता लागता जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. डिसेंबरात त्याचा ओठ होता तसाच होता. जगात साधारण सातशे बाळांमागे एक बाळ असं जन्मतं. त्यात अनुवंश असतो, आईची औषधं, व्यसनं, पोषण असतं आणि बऱ्याचदा एकच असं कारण सापडतच नाही. नोव्हेंबरातल्या सोनोग्राफीत ते दिसायला हवं होतं, पण बाळाने तोंडावर हात धरला होता. तो हात जरा बाजूला असता तर ग्रहणाच्या महिनाभर आधीच सगळं कागदावर आलं असतं. या एका हातापाशी मी किती रात्री अडकले, ते सांगता येत नाही.

हे सगळं एका नात्यातल्या बाईंना सांगितलं, तर त्यांनी उलटी बोटं मोजली आणि म्हणाल्या, "मग ते जुलैतलं असेल." 16 जुलैच्या रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होतं खरं. तेव्हा तो पोटात आलाही नव्हता, आणि चंद्र ढगांआड होता, मला दिसलासुद्धा नाही.

पण आठवडे मीही मोजले होते. कुणी विचारायच्या आधी, बाळंतपणाच्या खाटेवर, भिंतीवरचं कालनिर्णय उतरवून. विश्वास नव्हता तर मोजले कशाला?

आणि एक गोष्ट आजवर कुणाला सांगितलेली नाही. 21 जून 2020 ला पुन्हा सूर्यग्रहण होतं. तो दोन महिन्यांचा. टाळेबंदीमुळे ऑपरेशन पुढे गेलेलं, दूध ओठाच्या फटीतून गळायचं म्हणून मी बोंडल्याने थेंब थेंब पाजायचे. नवऱ्याने विचारलं, चष्मा कुठेय? म्हटलं, आभाळ भरलंय, काय दिसणार. मधूनमधून अंगणात ऊन येत होतं. मी खोलीची खिडकी लावली, फटींना साडी लावली आणि सकाळी दहापासून दीडपर्यंत त्याला मांडीवर घेऊन बसले. पाणी प्यायले नाही. आत्या बाहेर सोप्यावर होत्या. त्यांना कळलं. दार उघडल्यावर त्यांनी काही न बोलता पेजेची वाटी पुढे केली.

थकले होते, असं म्हणता येईल. पण तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होते. डिसेंबरातली मी त्या खोलीतल्या मला भित्री म्हणेल. खोलीतली मी तिला विचारते: अंगणात गेलीस ती बघायला, की आत्यांना दाखवायला? दोघींचं अजून मिटलेलं नाही.

तरी मुलाला नेते. ग्रहणं वर्षाकाठी मोजकीच, बाकीचं आकाश तर भरलेलं आहे. 13-14 डिसेंबरच्या रात्री आम्ही सड्यावर चटई टाकतो, मिथुन उल्कावर्षावासाठी. पुनर्वसु चढत जातो, दोनच्या सुमारास डोक्यावर येतो आणि उल्का चारी दिशांना पडतात. त्या धूमकेतूच्या नाहीत, फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या धुळीच्या आहेत, हे तो आता मला सांगतो. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर माथ्यावर येतो, तेव्हा तो अंगणात तांब्या उभा करून सावली नाहीशी होताना बघतो. त्याच महिन्यात रात्री दक्षिणेला क्षितिजाजवळ त्रिशंकू हा तारकासमूह. उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांना तो धड दिसत नाही, आम्हाला दिसतो. मग चार महिने पाऊस. ऑगस्टातल्या ययाती तारकासमूहातल्या उल्का आणि त्याच महिन्यातली दुसरी शून्य सावली आमच्या वाट्याला बहुधा येतच नाहीत. पाऊस सरत आला की पहाटे अगस्त्याचा तारा.

7 सप्टेंबर 2025 ला खग्रास चंद्रग्रहण होतं. रात्री अकराला चंद्र पूर्ण झाकला जाणार होता. मी त्याला उठवलं. ढग येत-जात होते. एका फटीत तांब्याच्या भांड्यासारखा चंद्र आला आणि त्याने विचारलं, "आई, हेच का ते गिराण? शाळेत सांगतात ते? माझ्या ओठाचं?"

मी लगेच म्हटलं, "नाही रे, ते वेगळं. ते सूर्याचं होतं."

त्याचं समाधान झालं. माझ्या खांद्यावर डोकं टेकून तो बघत राहिला. मला मात्र तिथेच घाम फुटला. "ते वेगळं" म्हणजे काय? म्हणजे दुसऱ्या कुणी केलं?

2 ऑगस्ट 2027 ला सूर्यग्रहण आहे, आपल्याकडे दुपारनंतर, खंडग्रास. पावसाचे दिवस, दिसेल न दिसेल. चष्मे दोन आणून ठेवलेत. त्याला दिलेलं ते उत्तर अजून दुरुस्त केलेलं नाही.